पहिल्या शिकारीचा बेत



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून सहकारापर्यंत नाना विषय होऊन गेले आहेत. शिकारीच्या गोष्टीही आपण पूर्वी ऐकल्या असतील. परंतु ज्यांच्या हातून एकही शिकार झालेली नाही अशांनी शिकारीवर बोलायला उभे राहावे, हा प्रसंग बहुधा नवा असावा. निमंत्रण आले तेव्हा आम्ही संयोजकांना प्रांजळपणे कळवले होते की, आमच्या भिंतीवर शिंगे नाहीत, जमिनीवर कातडे नाही आणि सांगण्याजोगा पराक्रमही नाही. आहे तो एक बेत, दीड वर्ष खपून आखलेला. त्यावर त्यांचे उत्तर आले की, मग बेतच सांगा. पराक्रम सांगणारे पुष्कळ आहेत.

आरंभी दोन खुलासे करतो. पहिला 'आम्ही' या शब्दाचा. आम्ही म्हणजे दोघे जण. एक साताऱ्याचा, दुसरा धारवाडकडचा. नोकरीच्या निमित्ताने वीस-बावीस वर्षे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ, एकाच गल्लीत राहतो. इथे बोलायला एकच उभा आहे. दुसरा तिसऱ्या रांगेत बसून चुका मोजतो आहे. शिकारीच्या हकिगतीत एकदा 'मी' शिरला, की लागलेला नेम आपला आणि हुकलेला सोबत्याचा, असे आपोआप होऊ लागते. म्हणून अखेरपर्यंत 'आम्ही'च म्हणायचे, असा आमचा करार आहे.

दुसरा खुलासा कायद्याचा. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे युग संपले, आणि ते संपले हे उत्तमच झाले असे आमचे मत आहे. राजेरजवाड्यांनी मचाणांवरून आणि नंतरच्या हौशी मंडळींनी जीपचे दिवे लावून जे केले, त्यानंतर दुसरा उपाय उरला नव्हता. तेव्हा आम्ही सांगतो ती गोष्ट कोलोरॅडोतली आहे आणि तिथेच राहावी. तिथे मोसम ठरलेला असतो, परवाना काढावा लागतो, आणि १९४९ सालापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकाऱ्यांच्या वर्गात बसून परीक्षा द्यावी लागते. चाळिशी उलटल्यावर आम्ही शाळकरी पोरांच्या शेजारी बाकावर बसून ती दिली. पोरांना आमच्यापेक्षा अधिक गुण मिळाले.

आता जनावराविषयी. एल्क हे हरणाच्या कुळातले मोठे जनावर. युरोपात एल्क म्हणतात ते निराळेच जनावर होय, त्याला अमेरिकेत मूस म्हणतात. त्यामुळे पुस्तके वाचताना घोटाळा होतो. अमेरिकन एल्कचे दुसरे नाव वापिटी. शॉनी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्या सांबराहून तो थोराड असतो, आणि काश्मीरच्या दाचिगाममधला हंगूल हा त्याचा जवळचा भाऊबंद. पुरता वाढलेला नर खांद्याशी पाच फूट भरतो, म्हणजे खिलारी बैलाच्या बरोबरीने उभा राहील; वजन तीनशे किलोंच्या वर. मादी सव्वादोनशेच्या आसपास. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीने हे जनावर कोलोरॅडोतून जवळजवळ नाहीसे झाले होते. मग वायोमिंगकडून कळप आणून सोडले, मोसम बांधून दिले, आणि आज त्या एका राज्यात पावणेतीन-तीन लाख एल्क आहेत. हा खर्च बव्हंशी शिकाऱ्यांच्याच खिशातून होतो. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठी वेगळा काढण्याचा कायदा तिथे १९३७ मध्ये झाला. धनुष्यबाणांवर तोच कर बसवणारा कायदा झाला १९७२ मध्ये. ज्या वर्षी आपण शिकाऱ्याच्या हातातले हत्यार खाली ठेवायला लावले, त्याच वर्षी त्यांनी हत्यारावर पट्टी बसवली. दोन देश, दोन तऱ्हा.

आमचा बेत कसा सुरू झाला ते सांगतो. २०२३ च्या जानेवारीत, बर्फ पडत असताना, आम्ही आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या गाडीखान्यात बसलो होतो. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे, हाताला सुतारकामाचे घट्टे. आम्ही त्यांना पुढे 'मास्तर' म्हणू लागलो, तेव्हा इथेही मास्तरच म्हणतो. त्यांच्या भिंतीवर एक लाकडी धनुष्य टांगलेले होते. त्याला कप्प्या नाहीत, नेम धरायची खूण नाही, काही नाही. लहानपणी कळकाच्या कामटीचा तिरकमठा करून आपण सगळ्यांनीच शेजाऱ्याच्या कोंबडीवर नेम धरलेला आहे. त्या आठवणीने आम्ही ते हातात घेतले, आणि ओढवेना. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "दीड वर्ष लागेल. तेवढा वेळ असेल तर शिकवतो."

इथे थोडे विषयांतर करावे लागेल, कारण अमेरिकेत आज पारंपरिक धनुर्विद्या म्हणून जी हौस चालते तिचा एक मोठा उगम दुःखाचा आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. तो याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या जमातीचा संहार केला होता. उरलासुरला हा एकच. आपले खरे नाव त्याने अखेरपर्यंत कुणाला सांगितले नाही. लोक त्याला 'इशी' म्हणत. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला आसरा मिळाला. तिथे विद्यापीठातले शस्त्रवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप यांची आणि त्याची मैत्री जडली. धनुष्य कसे घडवायचे, बाण कसा तासायचा, जनावराच्या वाटेत कसे निश्चल बसायचे, हे इशीने त्यांना शिकवले. १९१६ मध्ये तो क्षयाने वारला. पोप यांनी पुढे १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि ही विद्या गोऱ्या हौशी लोकांत पसरली. आम्ही ज्या फ्लॅट टॉप्स नावाच्या पठारी अरण्यात जाणार होतो, तेही एकेकाळी यूट लोकांच्या शिकारीचे रान; त्यांना १८८१ मध्ये तिथून उठवून युटाकडे धाडण्यात आले. हे ठाऊक झाल्यावर 'पारंपरिक' हा शब्द उच्चारताना जीभ जराशी अडखळते. कुणाची परंपरा, हा प्रश्न उरतोच.

असो. आधुनिक धनुष्य म्हणजे कप्प्यांचे. मिझुरी राज्यातल्या हॉलेस अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने त्याचे एकस्व १९६९ मध्ये मिळवले. त्यात दोरी पूर्ण ओढली की बहुतेक भार कप्प्या पेलतात, माणसाने थोडासाच धरायचा. शिवाय नेमाच्या खुणा आणि दोरी सोडायचा घोडा. चाळीस-पन्नास वारांवर बशी फोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. साध्या धनुष्यात मात्र पन्नास पौंडांची ओढ असेल तर पूर्ण पन्नास पौंड तीन बोटांवर तोलून धरावे लागतात, आणि नेम असतो तो डोळ्याच्या व हाताच्या सवयीत. आपल्याला ही बोटांची गोष्ट गमतीची वाटेल. आम्ही शिकलो त्या पद्धतीत तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटे खाली. अंगठ्याचा संबंध नाही. गुरुदक्षिणा मागताना द्रोणाचार्यांना ही पद्धत ठाऊक असती, तर एकलव्याकडे त्यांनी काही निराळेच मागितले असते.

पहिली चूक आम्ही पहिल्याच महिन्यात केली. मास्तरांना न विचारता दुकानात जाऊन साठ पौंडांची धनुष्ये घेतली. दुकानदाराने छाती पाहून माप घेतले, आणि आम्हीही छाती फुगवूनच उभे होतो. सहा आठवड्यांत एकाचा खांदा धरला आणि दुसऱ्याला अशी खोड लागली की, दोरी गालापर्यंत येण्याआधीच सुटायची. मास्तरांनी दोन्ही धनुष्ये काढून घेतली आणि पस्तीस पौंडांची हातात दिली. कोलोरॅडोत शिकारीसाठी कायद्याने किमान पस्तीसच लागतात, पण ही सरावापुरती होती. वर्षाअखेर आम्ही अठ्ठेचाळीसवर आलो आणि तिथेच थांबलो. आमच्या मते नवशिक्याने पहिले वर्ष हलक्या धनुष्यावरच काढावे. त्यात लाज वाटली तरी ती घरातल्या घरात राहते.

आता हिशेब. तो नीरस आहे, पण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. आमचा बाण सुमारे बत्तीस ग्रॅमांचा, धनुष्यातून सुटतो तो सेकंदाला पन्नास-बावन्न मीटर वेगाने. त्यातला जोर म्हणजे चार-साडेचार किलोंची भाजीची पिशवी जमिनीवरून कमरेइतकी उचलायला लागेल तेवढा. एल्कवर झाडायच्या बंदुकीच्या गोळीत याच्या सत्तर-ऐंशी पट जोर असतो. गोळी धक्क्याने पाडते. बाण धक्का देतच नाही. तो फक्त कापतो. म्हणून त्याचे पाते दाढी करता येईल इतके धारदार हवे आणि ते दोन्ही फुप्फुसांतून आरपार जायला हवे. तसे झाले तर जनावर शंभर-दीडशे पावलांत बसते. न झाले तर काय होते, ते पुढे येईलच. दुसरी गोष्ट वेळेची. वीस वार अंतर तोडायला बाणाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानी पोहोचतो. एल्कने तेवढ्यात एक पाऊल टाकले, की फुप्फुसावर सोडलेला बाण पोटात जातो.

हे गणित आम्ही कागदावर मांडले तेव्हा आम्हाला ते गणितच वाटले. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मास्तरांनी आपली एक हकिगत सांगितली, त्यानंतर त्याचे स्वरूप बदलले. तिशीत असताना त्यांनी तीस वारांवरून एका नरावर बाण सोडला होता. अंतर जास्त आहे हे त्यांना ठाऊक होते. बाण लागला, पण मागे, पोटात. अशा वेळी जनावराला निदान सहा-आठ तास हलवायचे नसते. ते जवळच बसते आणि तिथेच संपते. मास्तर तरुण होते, अर्ध्या तासात निघाले. जनावर उठले आणि चालू लागले. रात्री पाऊस आला, माग धुऊन गेला. त्यांनी तीन दिवस डोंगर पालथा घातला. चौथ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. मांस सडले होते. "ते कुठे कुठे बसले होते ते गवतावरून मोजता येत होते," एवढेच म्हणून त्यांनी विषय बदलला. कितीदा बसले होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

त्या रात्रीपासून बेताचा मुख्य प्रश्न एकच झाला: किती वार? शिकारीच्या बेतात लोक तंबू, बूट, नकाशे यांचा विचार करतात; आम्हीही केला. पण बाण कुठून सोडायचा नाही हे एकदा ठरले, की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरत जातात. मास्तरांनी एक पद्धत घालून दिली. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी परसात एकच बाण सोडायचा. दुसरा नाही. रानात दुसरा बाण मिळत नाही, आणि हात गरम झाल्यावरचा विसावा बाण कुणाचाही चांगला पडतो. एल्कच्या फुप्फुसांची जागा जेवणाच्या ताटाएवढी असते. आम्ही बशी ठेवली. प्रत्येक सकाळचा बाण वहीत लिहिला. उन्हाळ्यापर्यंत वीस वारांवर आमचे तीनांतले दोन बाण बशीत पडू लागले आणि आम्ही खूश झालो. मास्तर म्हणाले, आता टेकडी पळत चढून या आणि मग सोडा. छाती धपापत असताना, उतारावर तिरके उभे राहून, अंगात जाड कपडे घालून सोडलेले बाण निराळेच होते. बशीत खात्रीने पडत होते ते पंधरा वारांवरून. वहीखाली रेघ मारून आम्ही 'पंधरा वार' असे लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या. कप्प्यांचे धनुष्य वापरणाऱ्या एका परिचिताने तो कागद पाहून विचारले, की मग दगडच का मारत नाही?

पंधरा वार म्हणजे केवढे, हे सांगतो. या मंडपात व्यासपीठापासून पाचव्या-सहाव्या रांगेपर्यंत. तेवढ्या अंतरावर एल्कच्या पापणीचे केस दिसतात, आणि त्याला आपला वास तर केव्हाच आलेला असतो. तेव्हा बेताचे दुसरे प्रकरण वाऱ्याचे. डोंगरात सकाळी गार हवा उताराने खाली वाहते. ऊन चढले की ती उलटून वर चढू लागते. दिवस कलला की पुन्हा खाली. जनावर कुठल्या बाजूला ठेवायचे हे घड्याळाप्रमाणे बदलत राहते. आम्ही रांगोळीसारखी बारीक भुकटी एका बाटलीत घेऊन वर्षभर डोंगरांत ती उडवत फिरलो. लोक पाहत होते.

तिसरे प्रकरण उंचीचे आणि मांसाचे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याची जी उंची, जवळजवळ तीच डेन्व्हर शहराची. फ्लॅट टॉप्समधले रान त्याच्या सुमारे दुप्पट उंच, तीन हजार मीटरांवर. तिथे रिकाम्या हातांनी चढतानाही दम लागतो. आणि एका मादीचे हाडे काढलेले मांस सत्तर किलोंच्या आसपास भरते, नराचे त्याहून बरेच अधिक. खाण्याजोगे मांस टाकून देणे हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. ते विकणेही गुन्हा. राखीव अरण्यात मोटार सोडाच, सायकल किंवा ढकलगाडीही नेता येत नाही. म्हणजे सगळे पाठीवर. दोघांच्या पाठी, पंचवीस-पंचवीस किलोंची ओझी, वर तंबू आणि सामान. सप्टेंबरात दुपारी ऊन तापते, मांस तासातासाला बिघडते, वासावर अस्वल येते. हा हिशेब करून आम्ही नकाशावर गाडीच्या वाटेपासून तीन मैलांचे वर्तुळ काढले आणि त्याच्या पलीकडचे रान कितीही सुंदर असले तरी सोडून दिले. पलीकडेच एल्क जास्त होते, हे वेगळे सांगायला नको. त्या जागेचे नाव विचारू नये. शिकारी माणूस एक वेळ बँकेतली शिल्लक सांगेल.

घरच्यांचे मत घेतल्याशिवाय आपल्याकडे कुठलाच बेत पुरा होत नाही. धारवाडच्या घरी मांस शिजत नाही. तिथल्या आईंनी फोनवर सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, बाजारात मिळत नाही का तिकडे?" मिळते, हे खरेच आहे. वीस वर्षे आम्ही ते कागदात गुंडाळलेले आणून खाल्ले आणि मारले कुणी याची चौकशी केली नाही. आता चौकशी करावीशी वाटली, इतकेच आमचे उत्तर होते; ते त्यांना पटले असे वाटत नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पिल्लू असलेली मारू नका म्हणजे झालं."

या एका वाक्यावरून आमच्यात आणि मास्तरांत तीन महिने वाद चालला. धनुष्याचा मोसम सप्टेंबरात, म्हणजे ऐन माजाच्या दिवसांत असतो. महाभारतात मृगरूपाने रतिमग्न असलेल्या किंदम ऋषींवर पांडूने बाण टाकला आणि शाप घेतला, ती कथा आम्ही मास्तरांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुमच्या राजाकडे परवाना होता का?" आमच्या परवान्यावर नर किंवा मादी, दोन्ही चालत होते. पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात, सप्टेंबरात ती गवत खातात, कळपाबरोबर फिरतात. आई गेली तरी जगू शकतात असे मास्तरांचे म्हणणे, आणि कायद्याचीही मनाई नाही. शिवाय नुसत्या नरांमागे लागणे म्हणजे शिंगांची हाव, असेही ते म्हणत. आम्हाला युक्तिवाद पटत होता आणि बाण सोडवेल असे वाटत नव्हते. शेवटी वहीत दुसरी ओळ लिहिली: पाडसाबरोबरची मादी नाही. मास्तरांनी सही केली नाही. आमचे चुकले असेलही; मांसासाठी जायचे म्हणायचे आणि मांसाची सोपी वाट बंद करायची, यात तर्क थोडा लंगडाच आहे.

तिसरी ओळ मात्र एकमताने लिहिली. दिसल्याशिवाय बाण नाही. माजावर आलेला नर शीळ घालतो. खालून घोगरी सुरू होऊन वर चिरकत जाणारी ती शीळ पहाटेच्या धुक्यात ऐकली की अंगावर काटा येतो. शिकारी तोंडात पडदा धरून नळीतून त्या शिळेची आणि मादीच्या हाकेची नक्कल करतात. याचा अर्थ असा की, रानातला आवाज एल्कचाच असेल असे नाही. शब्दवेधी दशरथाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाण्यात घडा बुडण्याच्या आवाजावर त्याने बाण सोडला आणि श्रावण गेला. ती गोष्ट पुराणातली म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही, हे आम्हाला तिसऱ्याच दिवशी कळले.

आम्ही निघालो २०२४ च्या सप्टेंबरात, दहा दिवसांची रजा काढून. त्या वेळी बऱ्याच भागांसाठी धनुष्याचा परवाना दुकानात पैसे भरून कुणालाही मिळत असे. २०२५ पासून परराज्यातल्यांना सोडतीत नाव निघावे लागते. मास्तर तंबू राखायला म्हणून आले. गुडघ्यांमुळे त्यांना चढ चढवत नव्हता, पण सकाळच्या एका बाणाची शिस्त त्यांनी तिथेही मोडू दिली नाही.

पहिले दोन दिवस एकही जनावर दिसले नाही. तिसऱ्या सकाळी दरीतून शीळ आली. आम्ही उत्तर दिले. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर. अर्ध्या तासात आवाज शंभर पावलांवर आला. एक जण पुढे बाण लावून, दुसरा मागे नळी घेऊन. फांद्या हलल्या, काहीतरी तपकिरी सरकले. आणि झाडामागून तोंडाला काळे-हिरवे पट्टे फासलेला एक गृहस्थ बाहेर आला. त्याच्याही धनुष्यावर बाण. दोन्ही पक्ष अर्धा तास एकमेकांना माजावर आणत होते. त्याने टोपी काढली, आम्ही काढली. हसू आले नाही. तंबूत परतल्यावर हात कापत होते.

पाचव्या दिवशी एक मादी आमच्या पुढ्यात बारा वारांवर आली. मागे पाडस होते. ती गेली.

सातव्या दिवशी दुपारी आम्हाला एक लोळण सापडली. नर माजात चिखलात लोळतात, त्याचे ते डबके. कडेला ताजे खूर, उग्र वास. आम्ही वाऱ्याची बाजू पाहून एका पडलेल्या झाडाआड बसलो, आणि पंधरा वारांवर कोणता बुंधा येतो तो मोजून ठेवला. डबके बुंध्याच्या अलीकडे होते. दिवस मावळायला अर्धा तास असताना नर आला. आवाज न करता आला. एवढे मोठे जनावर आवाज न करता कसे चालते हे आम्हाला अजून कळलेले नाही. सहा-सहा टोकांची शिंगे, मानेवर काळी आयाळ. तो बुंध्याच्या पलीकडे थांबला, पुरता आडवा, डोके झाडाआड. याहून सोयीचा कोन मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवला नसता. आमच्यातल्या एकाने दोरी अर्धी ओढली. नर हलेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. दुसरा म्हणतो एक मिनिट, पहिला म्हणतो पाच. अर्धी ओढलेली दोरी परत सोडली. मग मानेला गार वारा लागला, संध्याकाळची हवा उलटली होती, आणि तो गेला. आम्ही जाऊन अंतर मोजले. बावीस वार.

त्या रात्री आम्ही भांडलो. वीस वर्षांच्या शेजारात असे भांडण झाले नव्हते. एकाचे म्हणणे, परसात बावीस वारांवरूनही बशी फुटते; जनावर उभे होते, बेसावध होते, दीड वर्ष आणि एवढा पैसा ओतून आपण बाहेर पडलो ते परत जायला नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे, सह्या केल्या होत्या. पहिला म्हणाला, सह्या कागदावर असतात. मास्तर चुलीपाशी बसून होते, मध्ये पडले नाहीत.

पहाटे त्यांनी दोघांना उठवले. एका कुजलेल्या ओंडक्यावर पिवळे पान टोचले आणि बावीस वार मोजून आम्हाला उभे केले. हात गार, अंगात जाड कपडे, उजेड जेमतेम. प्रत्येकी एक बाण. पहिला पानाच्या बोटभर बाजूला लागला. दुसरा वीतभर मागे आणि खाली. मास्तरांनी जाऊन दोन्ही बाण ओंडक्यातून उपटले, पुसले आणि भात्यात ठेवले. कुणाचा कोणता, ते आपण विचारायचे नाही असे ठरले आहे.

उरलेल्या तीन दिवसांत दोनदा शीळ ऐकू आली, लांबून. मांसासाठी घेतलेल्या सुती पिशव्या घडी न मोडता परत आल्या. घरी नवे शीतकपाट घेतले होते, त्यात वर्षभर वाटाणे ठेवले. कोलोरॅडोत धनुष्याच्या मोसमात दहांतल्या सुमारे एकालाच एल्क मिळतो, आणि त्यातले बहुतेक कप्प्यांचे धनुष्य वापरणारे असतात, हे आम्ही लोकांना सांगत राहिलो. धारवाडच्या आईंना फोनवर सांगितले की, सात वार लांब राहिला. त्या म्हणाल्या, "मग चार पावलं पुढं व्हायचं होतंस की!"

वही चालूच आहे. पंधराच्या जागी अजून सोळा झालेले नाहीत. मास्तरांचे गुडघे आता तंबूपर्यंतही येऊ देणार नाहीत, तेव्हा पुढच्या खेपेस चूल कुणी सांभाळायची, हा प्रश्न सुटायचा आहे.

येताना सहा बाण बरोबर आणले आहेत; ते इथे मेजावर ठेवतो. काड्या ऑरेगनकडच्या सीडरच्या आहेत, पिसे टर्कीची. पाती काढून ठेवली आहेत, तेव्हा मुलांनी हात लावायला हरकत नाही. वीतभर मागे लागलेला बाण यातच आहे. त्याची काडी टोकाशी थोडी चिरली आहे, ती ओळखू येईल.